गावाकडे वळलेला पैसा

धाराशिवहून सोलापूर ओलांडून दक्षिणेकडे गेले की विजापूर जिल्ह्यात इंडीजवळ सालोटगी नावाचे गाव लागते. तिथल्या शिलास्तंभावर शके ८६७ चा, म्हणजे इ. स. ९४५ चा एक लेख आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या नारायण नावाच्या मंत्र्याने तिथे एक शाळा उभारली आणि तिला जमिनी मिळाल्या. निरनिराळ्या जनपदांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सत्तावीस घरे होती आणि दिवाबत्तीसाठी जमीन वेगळी तोडून दिलेली होती. तपशील एवढ्यावर संपत नाही. गावातल्या घरांनी लग्नाला पाच नाणी, मुंजीला त्याच्या निम्मी आणि जावळाला त्याच्याही निम्मी शाळेला द्यायची, असेही ठरले होते. आजच्या भाषेत सांगायचे तर राज्याचे अनुदान आणि लोकवर्गणी यांची सांगड घातलेला हा उच्चशिक्षणाचा ताळेबंद आहे, आणि तो दगडात कोरलेला असल्यामुळे कोणत्याही कार्यालयाला त्याची फाईल हरवता आली नाही.

आपण अडीचशे वर्षे पुढे आलो तर खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण गावी, असाच दुसरा ताळेबंद भेटतो. शके ११२८ मध्ये, यादव सिंघणाच्या काळात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण नेमणुकीचा भाग मराठीत आहे. बाजारातल्या खरेदी-विक्रीवर मठाचा हिस्सा किती, घाण्यामागे तेल किती, हे ज्यांनी द्यायचे त्यांना कळेल अशा भाषेत लिहिले आहे. या दोन लेखांपाशी थोडे थांबणे भाग आहे, कारण पुढच्या सगळ्या कथेतली एक गोष्ट त्यांच्यामुळेच स्पष्ट दिसते. पैसा गावाकडून विद्येकडे जात होता. तेली, वाणी, शेतकरी देत होते आणि मठ घेत होता. विद्येने उलट गावाला काय द्यावे, याची नोंद दोन्ही ठिकाणी नाही. विद्यापीठाने आपल्या तिजोरीतून पैसा काढून गावाच्या कामाला लावावा, ही कल्पना सुचायला अजून साडेसहाशे वर्षे जायची होती, आणि ती सुचली ती आपल्या भूमीपासून फार दूर.

मधला काळ आपण भरभर ओलांडू. धाराशिवचा मुलूख बहमनी, आदिलशाही, मोगल असे हात बदलत निजामाच्या राज्यात गेला. सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आला. धाराशिवला उस्मानाबाद म्हणू लागले आणि १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. गाव आणि विद्यापीठ, दोन्हींना एकाच राजाचे नाव. तरी या दोघांमध्ये देवाणघेवाण जवळपास नव्हती. शिक्षणाची भाषा उर्दू, इथल्या मुलांची मराठी आणि अंतरही मोठे. त्यामुळे जिल्ह्यात लोकसेवेचे शिक्षण जे सुरू झाले ते विद्यापीठाच्या बाहेर आणि सरकारी अनुदानाला टाळून. आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा गावी १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. १९२९ च्या सुमारास तिथे मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश खेडगीकर म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ. त्यांनी त्याआधी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगारांमध्ये काम केले होते. जोशींनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली होती, म्हणजे मुंबईच्या चाळींतला समाजसेवेचा अनुभव एका माणसाबरोबर हिप्परग्याच्या माळावर आला. १९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईला गेले आणि पुढचा इतिहास हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा आहे. हिप्परग्याची शाळा लोकांच्या मदतीवर चालत असे. पैसा अजूनही सालोटगीच्याच दिशेने वाहत होता. शाळेतून गावाकडे जी परत येत होती ती माणसे होती.

आता आपल्याला दोन वाटांनी जावे लागेल. पहिली इंग्लंडमधून निघते. १८७३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने जेम्स स्टुअर्ट या प्राध्यापकाच्या आग्रहावरून विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी, गिरणगावांतल्या कामगारांसाठी आणि बायकांसाठी, व्याख्यानमाला सुरू केल्या. याला त्यांनी ‘विस्तार’ म्हटले आणि तोच शब्द आजही आपल्या विद्यापीठांच्या पाट्यांवर दिसतो. पण व्याख्याता संध्याकाळी येई, बोले आणि आगगाडीने परत जाई. हे पुरेसे नाही असे वाटणाऱ्या सॅम्युअल बार्नेट या पाद्र्याने १८८४ मध्ये पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीत टॉयन्बी हॉल काढला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांनी गरिबांच्या वस्तीत येऊन राहायचे, शेजारी व्हायचे, ही त्यामागची कल्पना. जेन अॅडम्स यांनी तो पाहिला आणि १८८९ मध्ये शिकागोत हल हाउस उभारले. शिकागोतच शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईला आले आणि नागपाड्यात त्यांनी नेबरहुड हाउस चालवायला घेतले. वस्ती मुंबईची असली तरी घडण व्हाइटचॅपलची होती.

नागपाड्याच्या त्या घरातून जे निघाले त्याला मागोव्याच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशाने १९३६ मध्ये तिथे समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. भारतातली ती पहिली. मॅनशार्ट पहिले संचालक होते. १९४४ मध्ये तिचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सेवा हा व्यवसाय आहे, त्याचे प्रशिक्षण लागते आणि त्या प्रशिक्षणावर पैसा खर्च करावा, हे या शाळेने प्रथम गृहीत धरले. त्याआधी आपल्याकडे सेवा करणारा माणूस त्यागी समजला जाई आणि त्यागाला अनुदान देण्याची रीत नव्हती. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात, १९०५ पासून, आजीव सदस्यांना निर्वाहापुरते वेतन मिळे; पण तिथेही निष्ठा आधी आणि पगार नंतर.

दुसरी वाट अमेरिकेच्या शेतातून येते. १८६२ मध्ये, यादवी युद्ध पेटलेले असताना, अमेरिकेच्या संसदेने मॉरिल कायदा केला. प्रत्येक राज्याला त्याच्या संसद सदस्यांच्या संख्येनुसार, दर सदस्यामागे तीस हजार एकर सरकारी जमीन द्यायची, ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायची. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना संशोधन केंद्रे जोडली आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने तिसरे काम दिले: प्रयोगशाळेत कळलेले शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणे. त्यासाठी केंद्र पैसा देई आणि राज्याने तेवढ्याच तोलामोलाची भर घालावी अशी अट असे. विद्यापीठाने लोकसेवा करावी म्हणून सरकारने कायद्याने, दरवर्षी, न मागता पैसा द्यावा, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच घडले. या अनुदानाच्या मुळाशी जमीन होती हेही आपण लक्षात ठेवू. सालोटगीच्या शाळेलाही जमीनच मिळाली होती. जमीन दिली की देणारा गेला तरी काम उरते.

ही अमेरिकी घडण स्वतंत्र भारताने जाणीवपूर्वक घेतली. राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली, १९६० मध्ये पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ निघाले, महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरीला आणि १८ मे १९७२ रोजी परभणीला. मराठवाडा कृषी विद्यापीठाला, आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाला, धाराशिव जिल्हा जोडलेला आहे आणि त्याचे कृषी विज्ञान केंद्र तुळजापूरला आहे. शिक्षण, संशोधन, विस्तार ही तीन कामे तिथे एका दमात सांगतात. ती त्रयी मुळात १८६२, १८८७ आणि १९१४ या तीन कायद्यांची आहे, हे सांगणाराला सहसा आठवत नाही आणि आठवण्याची गरजही पडत नाही.

कृषी विद्यापीठे वेगळी. मग कला, वाणिज्य, विज्ञान शिकणाऱ्या लाखो मुलांचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात वीस वर्षे गेली. १९५८ मध्ये नेहरूंनी विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचा विषय लावून धरला आणि १९५९ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचा हा माणूस रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर झाला, अर्थमंत्री झाला, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडून आला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा अध्यक्ष होता. पैशाचे गणित त्यांच्याइतके कोणाला कळणार? तरी त्यांच्या समितीने सुचवले ते खर्चिक होते: शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा करावी. ही शिफारस अमलात आली नाही. देशमुखांचा प्रस्ताव अव्यवहार्य म्हणून बाजूला टाकला गेला, पण माझ्या मते पुढच्या साठ वर्षांतल्या सगळ्या योजनांमध्ये सेवेला लागणाऱ्या वेळेचा खरा अंदाज फक्त त्यातच होता. पुढे के. जी. सय्यिदैन यांनी देशोदेशींच्या पद्धती पाहून ऐच्छिक योजनेकडे कल दिला, कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा असावी असे म्हटले आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ४० हजार स्वयंसेवक होते आणि चौथ्या पंचवार्षिक योजनेत तिच्यासाठी पाच कोटी रुपये होते. गांधीजींचे जन्मशताब्दी वर्ष असल्यामुळे मुहूर्त मिळाला.

योजना सुरू झाली आणि तीन वर्षांत महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ आला. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना सुकडी आणि खडी फोडण्याची कामे अजून आठवतात. १९७३ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरांचा विषयच ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ असा ठेवला गेला. मग रोगराई, मग वृक्षारोपण, मग ग्रामीण पुनर्रचना असे विषय दरवर्षी ठरत गेले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबादला स्थापन झाले होते आणि उस्मानिया विद्यापीठाकडून इथली महाविद्यालये त्याच्याकडे आली होती. आता त्या महाविद्यालयांत कार्यक्रम अधिकारी, दत्तक गाव, श्रमदान, प्रभातफेरी, बौद्धिक सत्र हे शब्द रुळले. ज्यांनी या काळात पदवी घेतली त्यांतल्या अनेकांनी एखाद्या गावच्या शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपून पहाटे फावडे धरलेले असते.

या शिबिरांच्या पैशाची रचना पाहण्यासारखी आहे. खर्च केंद्र आणि राज्य सात आणि पाच या प्रमाणात वाटून घेत. १ एप्रिल २०१६ पासून तो पूर्ण केंद्राने उचलला. पैसा राज्यातून विद्यापीठाकडे, विद्यापीठाकडून महाविद्यालयाकडे येतो आणि उपयोगिता प्रमाणपत्र उलट्या वाटेने वर जाते. दर माणशी ठरलेला असतो. बराच काळ नियमित कार्यक्रमासाठी वर्षाला एका स्वयंसेवकामागे अडीचशे रुपये आणि विशेष शिबिरासाठी साडेचारशे रुपये होते. स्वयंसेवकाने वर्षाला एकशे वीस तास द्यायचे असतात, म्हणजे नियमित कार्यक्रमाचा खर्च तासाला दोन रुपयांच्या थोडासा वर. सात दिवसांच्या शिबिराचे साडेचारशे म्हणजे दिवसाला चौसष्ट रुपये. त्यात दोन वेळचे जेवण, चहा-नाश्ता, प्रवास, साहित्य आणि व्याख्यात्याला द्यायचा नारळ. एवढ्यात शिबिर भागत नाही हे सगळ्यांना माहीत असते. मग ग्रामपंचायत शाळेची खोली किंवा मंदिराचा सभामंडप देते, कोणी ज्वारी पाठवतो, कोणी दूध, आणि एखाद्या संध्याकाळी गावजेवण होते. कागदावर विद्यापीठ गावाला देत असते. प्रत्यक्षात गावानेच विद्यार्थ्यांना जेवू घातलेले असते. लग्नामागे पाच नाण्यांची जी रीत ९४५ मध्ये कोरली गेली ती अशी हिशेबाच्या बाहेर राहून टिकली आहे.

१९७७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने धोरण म्हणून जाहीर केले की अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तार हे विद्यापीठाचे तिसरे अंग आहे. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७८ रोजी, राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि विद्यापीठांमध्ये प्रौढ व निरंतर शिक्षणाचे विभाग निघाले. साक्षरतेचे वर्ग, कंदील, पाट्या यांना आयोगाचा पैसा मिळू लागला. या पैशाला मात्र योजनेची मुदत असे. एक पंचवार्षिक योजना संपली की पुढची मंजुरी येईपर्यंत कर्मचारी टांगणीला. कंदिलाचे वर्ग ओसरले, विभागांची नावे बदलत गेली आणि २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात त्या साऱ्याचे रूप ‘आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ’ असे उरले. या टप्प्यावर फार रेंगाळण्यासारखे काही नाही.

रेंगाळायचे ते १९८६ पाशी. त्या वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने तुळजापूरला आपला ग्रामीण परिसर सुरू केला. समाजकार्याचे शिक्षण पन्नास वर्षे मुंबईच्या वस्त्या, गिरण्या, रुग्णालये आणि सुधारगृहे यांच्यावर पोसले गेले होते. गावाचे दारिद्र्य समजायचे तर गावातच राहायला हवे, हा विचार त्यामागे होता. आपण मागे पाहिलेली पहिली वाट इथे येऊन टेकते. व्हाइटचॅपल, शिकागो, नागपाडा, देवनार आणि तुळजापूर असा हा एकशे दोन वर्षांचा प्रवास आहे आणि प्रत्येक मुक्कामी आग्रह एकच आहे: तिथे राहा. दुसरी वाट, मॉरिल कायद्यापासून परभणीपर्यंत आलेली, कृषी विज्ञान केंद्राच्या रूपाने त्याच तालुक्यात आलेली आहे. भवानीच्या दर्शनाला येणाऱ्या लाखो भाविकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की जगातल्या विद्यापीठीय लोकसेवेच्या दोन मोठ्या घराण्यांच्या शाखा याच गावाच्या आसपास आहेत. नवल असे की या दोन शाखांची वंशावळ कोणी एकत्र मांडलेली माझ्या वाचनात नाही. एक समाजकार्याच्या पुस्तकांत सापडते, दुसरी कृषिविस्ताराच्या.

सात वर्षांनी या परिसराच्या दाराशीच भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. किल्लारी लातूर जिल्ह्यातली असली तरी तेव्हाच्या उमरगा तालुक्यातल्या सास्तूरसारख्या गावांनी तेवढेच भोगले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. मदतीला महाराष्ट्रभरातून विद्यार्थी आले, आणि काही आठवड्यांनी, जसे नेहमी होते तसे, परतही गेले. मग सुरू झाले पुनर्वसन. जागतिक बँकेच्या कर्जावर आखलेल्या त्या कार्यक्रमात बावन्न गावे नव्या जागी बसवायची होती, आणि घर कुठे, केवढे, कोणाशेजारी, हे गावकऱ्यांना विचारून ठरवावे अशी अट होती. या लोकसहभागासाठी सरकारने टाटा समाजविज्ञान संस्थेला सल्लागार म्हणून घेतले. जुन्या जागी घरे दुरुस्त करण्याच्या भागात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभे केले.

पैशाच्या इतिहासात हे वळण मोठे आहे. इथे विद्यापीठाला सेवेसाठी अनुदान मिळाले नाही. सेवेचा मोबदला मिळाला. दान, वर्गणी, अनुदान यांच्या पुढची ही पायरी होती: करार. त्यात कामाची यादी होती, मुदत होती, अहवाल होता. कराराने काम नेटके होते, यात शंका नाही. पण करार संपल्यावर गावकऱ्याने कोणाकडे जायचे, हे करारात लिहिलेले नसते. तुळजापूरचा परिसर जिल्ह्यातच होता म्हणून निदान जायला एक पत्ता होता.

याच सुमारास बंगळूरला आणखी एक घटना घडली, जिचा आवाज झाला नाही. १९९४ मध्ये महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ ही परिषद स्थापन झाली आणि तिच्या निकषांत संशोधनाबरोबर विस्तारकार्यालाही गुण ठेवले गेले. विस्ताराला प्रतिष्ठा मिळाली हे खरे. त्याचबरोबर विस्ताराचा पुरावा हा एक स्वतंत्र उद्योगही झाला. बॅनर, हजेरीपट, तारखेसह छायाचित्र, वृत्तपत्राचे कात्रण, सरपंचाचे पत्र. झाड लावण्याइतकेच महत्त्व झाडाशेजारी उभे राहण्याला आले. कार्यक्रम अधिकारी हा मूळचा इतिहासाचा किंवा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. त्याच्या संध्याकाळी फाईल लावण्यात जाऊ लागल्या. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. गुण कागदाला असतील तर कागदच वाढणार.

२००४ हे वर्ष जिल्ह्यासाठी पुन्हा नोंद करण्यासारखे. मराठवाडा विद्यापीठ, नामांतरानंतरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, याने उस्मानाबादला उपपरिसर सुरू केला आणि त्याच सुमारास तुळजापूरला ग्रामीण विकासातले समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. आतापर्यंत बाहेरून मुले येऊन गाव पाहत होती. आता जिल्ह्यातली मुले जिल्ह्यातच राहून आपले गाव अभ्यासविषय म्हणून पाहू शकत होती.

पुढच्या दशकात पैशाचे झरे एकदम वाढले. १ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला उन्नत भारत अभियान सुरू झाले, ज्यात उच्चशिक्षण संस्थेने पाच गावे घ्यायची, पाहणी करायची आणि गावाच्या अडचणीवर उपाय शोधायचा. आयआयटी दिल्लीकडे त्याचे सूत्रसंचालन आले. २०१६ मध्ये आयआयटी मुंबईतल्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकाराने उन्नत महाराष्ट्र अभियान निघाले. त्यात पाणी, वीज, एसटी यांच्या जिल्ह्यातल्या प्रश्नांवर अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अभ्यास करावा आणि त्यासाठी सरकारी खात्यांनी त्यांना पैसे द्यावेत, असा विचार होता. मला तो सगळ्यांत शहाणा वाटतो, कारण त्यात गाव दत्तक घेतलेले नाही. प्रश्न घेतलेला आहे. जानेवारी २०१८ मध्ये उस्मानाबादचा देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांत समावेश झाला; महाराष्ट्रातले इतर तीन नंदुरबार, वाशिम आणि गडचिरोली. मग आकडेवारी, क्रमवारी, निर्देशांक आले. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव पुन्हा धाराशिव झाले आणि सगळ्या बॅनरांवरचे अक्षर बदलले.

या सगळ्या झऱ्यांना आटण्याची सवय आहे, हे जून २०२४ मध्ये दिसले. टाटा समाजविज्ञान संस्थेने आपल्या निरनिराळ्या परिसरांतल्या शंभराहून अधिक अध्यापक आणि कर्मचाऱ्यांना ३० जूननंतर नेमणूक पुढे चालणार नाही असे कळवले. त्यांचे पगार टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून होत आणि त्या अनुदानाची पुढची मंजुरी आलेली नव्हती. देशभर चर्चा झाली, ट्रस्टने पैसे देण्याचे आश्वासन दिले आणि दोनच दिवसांत नोटिसा मागे घेतल्या गेल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वी ज्या घराण्याच्या ट्रस्टने नागपाड्यात ही शाळा उभी केली, त्याच घराण्याच्या एका ट्रस्टच्या एका मंजुरीवर तिची माणसे अजून अवलंबून होती. सालोटगीला दिव्यासाठी वेगळी जमीन तोडून देणाऱ्या दात्याचा हेतू असल्या वेळी कळतो.

आणि आता, २०२४-२५ पासून, नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या महाविद्यालयांच्या पदवीत सामुदायिक सहभाग हा विषय श्रेयांकासह आला आहे. दोन श्रेयांक म्हणजे साठ तास. आजवर सेवेसाठी जमीन मिळाली, वर्गणी मिळाली, अनुदान मिळाले, कराराची रक्कम मिळाली. आता गुणपत्रिकेतली जागा मिळते आहे. स्वयंसेवक निवडावा लागत नाही, कारण प्रत्येक जण विद्यार्थी म्हणूनच गावात जाणार आहे. परंडा, भूम, कळंब, वाशी, उमरगा, लोहारा इथल्या महाविद्यालयांचे प्राध्यापक सध्या गावांच्या याद्या करत आहेत, एका गावात किती मुले पाठवायची याची बेरीज मांडत आहेत आणि साठ तासांचा एसटीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात दाखवायचा, हे एकमेकांना विचारत आहेत.